चालता धंदा विकल्यावर

गेल्या गळीत हंगामाच्या अखेरीस भोगावतीकाठच्या एका गावचे वृद्ध शेतकरी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. महसूल खात्यातील आमची कारकुनी संपली असली, तरी सातबारा, फेरफार व वारसनोंदी यांच्या अडचणी घेऊन येणाऱ्या मंडळींचा राबता अद्याप चालू आहे, आणि रिकामपणी तो आम्हांस नकोसाही वाटत नाही. या गृहस्थांचे काम मात्र नेहमीच्या जातीचे नव्हते. वयाच्या पंचविशीत त्यांनी स्वतः उभारलेले गुऱ्हाळ ते विकावयास निघाले होते. थोरला मुलगा पुण्यास कारखान्यात, धाकटा शाळेत शिक्षक. चुलवाणापुढे उभे राहावयास घरात कोणी उरले नव्हते. शहरातील एक व्यापारी गुऱ्हाळाची वीस गुंठे जागा, शेड, चरक, मोटार व काहिली हे सर्व एकरकमी घ्यावयास तयार होता. खरेदीखताच्या मसुद्यात या बाबी ओळीने लिहिलेल्या होत्या, आणि शेवटी "सदर गुऱ्हाळाच्या नावासह" एवढे तीन शब्द होते.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "जागेला गट नंबर हाय, मोटारीला मीटर नंबर हाय. ह्या नावाला कुठला नंबर? अन् ते बी लिहून दिलं तर माझ्याकडं काय ऱ्हातंय?"

त्या दिवशी आम्ही त्यांस उत्तर दिले नाही, कारण आमच्याजवळ ते नव्हते. नोकरीच्या काळात विक्रीच्या असंख्य नोंदी आमच्या हाताखालून गेल्या. लिहून देणार, लिहून घेणार, क्षेत्र, आकार, मोबदला. हरकतीची मुदत संपली की नोंद प्रमाणित. पुढे त्या घराचे काय झाले, विकलेली वस्तू नव्या धन्याकडे नांदली की मोडली, आलेला पैसा कोठे गेला, हे विचारणारा रकाना फेरफाराच्या नोंदवहीत नाही. त्या रिकाम्या रकान्याचा शोध घेण्याचा प्रयत्न आम्ही नंतरच्या महिन्यांत केला, त्याचे फलित येथे देत आहो.

राधानगरीच्या शेतकऱ्यास धंद्याच्या विक्रीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु शाहू महाराजांनी आरंभिलेल्या धरणाचे पाणी खाली वाहू लागले, ऊस वाढला, आणि त्या उसाबरोबर गुऱ्हाळे, भातगिरण्या, दूधसंकलन, रोपवाटिका असे लहानमोठे घरधंदे या खोऱ्यात उभे राहिले. ज्यांनी ते उभे केले ती पिढी आता सत्तरी ओलांडीत आहे, व पुढील पिढीचे लक्ष शहराकडे आहे. सबब विक्रीचा प्रश्न पुष्कळ घरांच्या उंबऱ्याशी आलेला आहे; तो उघड बोलला जात नाही एवढेच.

आपल्या व्यवसायास सर्वांत जवळचे मोठे उदाहरण मालेगाव तालुक्यातील रावळगावचे होय. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२ ते १९५३) यांनी तेथे मोठी शेती वसविली, १९३३ साली साखरेचा कारखाना काढला, आणि १९४२ साली साखरेपासून गोळ्या करण्यास आरंभ केला. 'पान पसंद', 'मँगो मूड', 'कॉफी ब्रेक' ही नावे आमच्या पिढीतील शाळकरी मुलांस पाठ होती. आमच्या खिशात चुकून आठ आणे सुटे असले म्हणजे त्यांचा शेवट याच गोळ्यांत होई. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव शुगर फार्म या कंपनीने गोळ्यांची व्यापारचिन्हे, त्यांच्या कृती व त्यांवरील सर्व बौद्धिक हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्स या कंपनीस २७ कोटी रुपयांस विकले. कच्चा माल, इंधन व मजुरी यांचा खर्च चढत गेला, पन्नास पैशांच्या गोळीचा भाव काही चढविता येईना, आणि स्पर्धेमुळे बाजारातील वाटाही घटला, असे कारण कंपनीने त्या वेळी दिले.

या व्यवहारातील जी गोष्ट आमच्या कारकुनी डोळ्यांस प्रथम खुपली ती अशी, की जमीन, इमारती, यंत्रे यांतले काहीही विक्रीत नव्हते. ते सर्व मूळ कंपनीकडेच राहिले. ज्या वस्तू सातबाऱ्यावर किंवा घरठाण पत्रकावर चढतात, त्यांतील एकही घेणाराने घेतली नाही. जी चढत नाही तीच घेतली. आम्ही आयुष्यभर जमिनीस मालमत्ता समजत आलो, आणि येथे सत्तावीस कोटींचा माल एका पाकिटावर मावत होता.

याच संस्थापकाची इतर कामे पाहावीत म्हणजे विषयास दुसरी बाजू मिळते. वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. युद्धाच्या धामधुमीत हिंदुस्थान सरकारने प्रथम त्यात भाग घेतले व १९४२ साली वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. १९६४ साली त्यातूनच हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था झाली, आणि ती आज देशाची विमाने बांधीत आहे. विशाखापट्टणमच्या जहाजगोदीची पायाभरणी १९४१ साली झाली. तेथे बांधलेले 'जल उषा' हे जहाज १९४८ साली पाण्यात उतरले. पुढे १९५२ व १९६१ अशा दोन टप्प्यांनी ती गोदी सरकारकडे गेली, पण मोडली नाही. याउलट १९४४ साली काढलेला प्रीमियर मोटारींचा कारखाना घराण्याकडेच राहिला, आणि त्याची 'पद्मिनी' मोटार, जी मुंबईत टॅक्सीच्या रूपाने घरोघरी ठाऊक होती, ती चालू शतकाच्या आरंभी निघावयाची बंद झाली. तेव्हा घराण्याने धरून ठेवले म्हणजे धंदा जगतो आणि विकला म्हणजे मरतो, ही आपल्याकडील समजूत एकाच पुरुषाच्या चार कामांपुढे टिकत नाही.

मग टिकते काय? याविषयी १९९३ सालचा शीतपेयांचा व्यवहार बोलका आहे. मुंबईच्या रमेश चौहान यांनी आपली 'थम्स अप', 'लिम्का', 'गोल्ड स्पॉट', 'माझा', 'सिट्रा' ही पेये कोका-कोला या अमेरिकन कंपनीस एकदम विकली. कागद एक, दिवस एक, घेणार एक. परंतु नशीब सर्वांचे एक नव्हते. 'गोल्ड स्पॉट' बाजारातून उठले. आमच्या लग्नात वऱ्हाडी मंडळींस तेच दिले होते, आता मुलांस त्याचे नावही सांगून कळत नाही. 'थम्स अप' मात्र लोकांनी सोडले नाही. नव्या धन्याच्या स्वतःच्या पेयासमोर ते उभे राहिले, आणि अखेर २०२१ साली त्याची वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरांवर गेल्याचे त्याच धन्याने जाहीर केले. विकत घेणारा नेहमी चालविण्यासाठीच घेतो असे नाही, ही गोष्ट विकणाराने ध्यानात ठेवावी. जे नाव त्याच्या स्वतःच्या मालाच्या आड येईल ते कपाटात ठेवण्याचाही हक्क त्याने पैसे मोजून घेतलेला असतो. खरेदीखतात तसे लिहिलेले नसते. तसे करू नये असेही लिहिलेले नसते.

चौहान यांनी सर्व विकले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६९ साली घेतलेला 'बिसलेरी' पाण्याचा धंदा त्यांनी आपल्याजवळ ठेवला, आणि पुढील तीस वर्षांत लोक तहानेसाठी बाटलीचे पाणी विकत घेऊ लागले तेव्हा तो मुख्य धंदा झाला. विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या आम्हांस त्याचे अजूनही नवल वाटते, पण ते असो.

थोडे राखून विकण्याची हीच रीत एका मराठी घराण्याने अधिक निगुतीने पाळली असे आम्हांस वाटते. दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ साली गिरगावात शाईच्या पुडीपासून आरंभ केला, त्याची पुढे 'कॅम्लिन' झाली. कंपासपेटी, रंगपेटी, शाई यांच्याशिवाय महाराष्ट्रातील शाळेचे दप्तर पुरे होत नसे. २००६ साली या घराण्याने रसायनांचा विभाग वेगळा काढला. २०११ साली लेखनसाहित्याच्या कंपनीचे बहुसंख्य भाग कोकुयो या जपानी कंपनीकडे गेले. कोकुयो ही १९०५ साली ओसाका येथे निघालेली, वह्या-कागदांतच मुरलेली पेढी. कंपनीचे नाव 'कोकुयो कॅम्लिन' झाले. जुने नाव गेले नाही, पाठीमागे बसले. घराण्यातील माणसे विक्रीनंतरही कंपनीच्या कारभारात राहिली, आणि रसायनांचा विभाग त्यांच्याकडे स्वतंत्र चालला. म्हणजे विक्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जावयास त्यांस जागा होती. ही बाब लहान वाटते. पण ज्याने चाळीस वर्षे पहाटे तीनला उठून चुलवाण पेटविले, त्यास विक्रीनंतर पहाटे तीनला जाग येणे थांबत नाही.

आता दुधाचे उदाहरण, कारण ते आपल्या गोठ्यापर्यंत येते. श्रीरामपूर येथे १९९८ साली निघालेली 'प्रभात डेअरी' दोन दशकांत मोठी झाली, आणि २०१९ च्या आरंभी तिने आपला दूधधंदा लॅक्टॅलिस या फ्रेंच कंपनीच्या येथील शाखेस १,७०० कोटी रुपयांस देण्याचे ठरविले. पशुखाद्याचा धंदा मूळ घराण्याने ठेवला. येथे दोन गोष्टी नजरेत भरतात. पहिली ही, की घेणारी लॅक्टॅलिस स्वतःच एका घराण्याची आहे. आंद्रे बेस्निए नामक चीज करणाऱ्या गृहस्थाने १९३३ साली, म्हणजे रावळगावचा साखर कारखाना निघाला त्याच वर्षी, लाव्हाल या गावी ३५ लिटर दुधापासून चीजचे १७ गोळे करून आरंभ केला. आज तिसरी पिढी ती चालवीत आहे, व देशोदेशींचे दूधधंदे ती विकत घेत असते. एकाच सालच्या दोन घरांपैकी एक विकणारे निघाले, एक घेणारे. याचे एकच कारण सांगता यावयाचे नाही, व आम्ही ते सांगण्याच्या भरीसही पडत नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. अशा व्यवहारात लिहून देणार व लिहून घेणार एवढेच दोन पक्ष असतात. सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन केंद्रावर उभा राहणारा दूध उत्पादक हा तिसरा पक्ष कागदावर कोठेच नसतो. काटा तोच, फॅट काढणारा तोच, पण वैरणीसाठी उचल मागावयाची असेल, किंवा गाय मेल्याचे सांगून चार दिवसांची सवलत हवी असेल, तर कोणाच्या ओसरीवर जावयाचे, हे एका रात्रीत बदललेले असते. नवा धनी वाईट असेल असे नव्हे. तो कदाचित अधिक नियमित पैसे देईल. पण तो ओसरीवर भेटत नाही.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही. आमच्या आजोबांची भातगिरणी होती. तालुक्यातील पंधरावीस वाड्यांचे भात तेथे येई. आजोबांची रीत अशी, की रोख नसेल त्याने कोंडा ठेवून जावा, तोही द्यावयाचा नसेल तर सुगीनंतर द्यावे. हिशेब त्यांच्या डोक्यात व थोडासा भिंतीवर कोळशाने लिहिलेला असे. वृद्धपणी त्यांनी गिरणी विकली. किंमत त्या मानाने चांगली आली. घेणारा मनुष्य व्यवहारी होता. त्याने यंत्र तेलपाणी करून साफ केले, भिंतीस चुना दिला, आणि रोखीचा फलक लावला. त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दोन हंगामांत वाड्यांवरील लोक दुसरीकडे जाऊ लागले, आणि तिसऱ्या वर्षी पट्टा उतरवून ठेवलेला आम्ही पाहिला. त्याने गिरणी घेतली होती, आणि आजोबांचा विश्वास मात्र घेतला नव्हता. तो विकावयाचा असतो हे दोघांसही सुचले नाही. पैशाचे म्हणाल, तर त्याचे चार वाटे झाले. एक लग्नात गेला, एक अशा विहिरीत गेला की जिला अद्याप पाणी नाही, एक उसना देऊन बुडाला. चौथ्या वाट्याने आमचे शिक्षण झाले, म्हणून त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

एवढे सर्व मनात घोळवून आम्ही त्या गुऱ्हाळवाल्या गृहस्थांस पुन्हा बोलाविले. ते धाकट्या मुलास बरोबर घेऊन आले. प्रथम कागदाच्या गोष्टी उरकल्या. घेणारा शेतकरी आहे याचा दाखला घ्यावा, कारण कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिनशेतकऱ्यास शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. बहिणींचा हक्क आहे काय ते पाहावे. सोसायटीचा बोजा उतरवून घ्यावा. हे सर्व त्यांस ठाऊकच होते. मग नावावर आलो.

नावाचा कायदा आम्ही त्यांस समजेल असा सांगितला. 'कोल्हापूर गूळ' हे जे नाव, त्यास २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. ते सर्व जिल्ह्याचे, कोणा एकास विकता येत नाही. पण गुऱ्हाळाचे स्वतःचे नाव वेगळे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली ते नोंदविता येते, नोंद दहा वर्षे चालते, पुढे वाढविता येते. असे नाव कायमचे विकता येते किंवा अटी घालून काही मुदतीपुरते वापरावयास देता येते, जशी जमीन खरेदीने किंवा खंडाने देतात तशी. त्यांची नोंद नव्हतीच. रव्याच्या कापडावर मारावयाचा एक पितळी शिक्का आणि कोल्हापूरच्या अडत्यांची ओळख, एवढीच त्यांची सनद. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाची पेठ भरविली तेव्हापासून या व्यापारात माल पाहण्याआधी नाव पाहण्याची चाल आहे. त्यांच्या रव्यास सौद्यात दोन पैसे वर मिळतात, हे त्यांनी आम्हांस संकोचाने सांगितले.

आम्ही सुचविले, की व्यापाऱ्यास एवढेच विचारा: नाव वगळून किंमत काय?

मुलास हे पटले नाही. "काका, नाव घरात ठेवून त्याचं करायचं काय? आम्ही काही गूळ करणार नाही. आबांचे गुडघे गेले. पैसे येतात तर येऊ द्या." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या नावामागे काम करणारा कोणी नाही ते पाचसहा हंगामांत आपोआप विझते. ठेवून त्याचे लोणचे घालता येत नाही. म्हाताऱ्याच्या अभिमानासाठी मुलांनी पैसे सोडावेत असे आम्हीही म्हणालो नाही.

चार दिवसांनी व्यापाऱ्याचा निरोप आला. नाव वगळल्यास तो किंमत एक तृतीयांशाने उतरवीत होता. ज्या तीन शब्दांस मसुद्यात स्वतंत्र ओळही नव्हती, त्यांचे मोल चरक, मोटार व काहिली या सर्वांहून अधिक निघाले. मुलगा तो आकडा ऐकून बराच वेळ गप्प बसला. नंतर त्यानेच विचारले, की वापरावयास देण्याचा मार्ग जो तुम्ही सांगितला तो कसा.

त्याप्रमाणे आम्ही मसुदा बदलला. जागा, शेड व यंत्रे खरेदीने. नाव तीन हंगामांपुरते वापरावयास, दर हंगामास ठरावीक रकमेवर, आणि दोन अटींवर. पंधरा वर्षे जो गुळव्या तेथे आहे त्यासच कामावर ठेवावे, ही पहिली अट आबांनी सांगितली. दुसरी सांगताना त्यांचा आवाज चढला. रसात साखर मिसळावयाची नाही. साखर स्वस्त असते त्या दिवसांत काहिलीत पोती ओतून गुळाचे वजन व रंग वाढविणारी गुऱ्हाळे या जिल्ह्यात आहेत, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. "माझ्या नावाचा रवा कुणी फोडला अन् आत साखरंचा खडा घावला," ते म्हणाले, "तर पैसं माझ्याकडं असत्याल, पर अडत्याच्या दुकानात मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

पहिली अट व्यापाऱ्याने ताबडतोब मान्य केली. चांगला गुळव्या त्यासही हवाच होता. दुसऱ्या अटीवर तो "कळवितो" म्हणाला, त्यास हे लिहीपर्यंत तीन आठवडे झाले. दसरा जवळ येत आहे. ऊस तोडावयास घेण्यापूर्वी चुलवाणाची डागडुजी करावी लागते, आणि ती कोणी करावयाची हे ठरलेले नाही. गेल्या सोमवारी आम्ही त्या बाजूस गेलो होतो. गुऱ्हाळाच्या शेडला कुलूप होते. आबा घरी होते. त्यांनी शिक्का चिंचेने घासून लख्ख केला होता व तो धाकट्या मुलाच्या ट्रंकेत, त्याच्या शाळेच्या कागदांखाली ठेवला होता.